जुन्या गाडीचं वय: चॅसिस नंबर की इंजिन नंबर?
विंटेज गाडीचं साल काढताना आधी चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहा. इंजिन झिजलं की बदललं जातं, चॅसिस सहसा तीच राहते. तिच्यावरचा रंग पेंट रिमूव्हरने काढा. ग्राइंडर लावला तर उथळ ठसे कायमचे जातात. मग टॉर्च तिरका धरा. ३ आणि ८ हे आकडे इथेच एकमेकांसारखे दिसून फसवतात. रिव्हेटने बसवलेल्या पाटीवर मात्र विसंबू नका, ती सहज बदलता येते.

इंजिन नंबर एरवी दुय्यम. ठळक अपवाद फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७): तिथे इंजिनावरचा नंबर हाच गाडीचा नंबर. म्हणजे इंजिनाचा ब्लॉक (मुख्य ओतीव भाग) बदलला की गाडीचं वयही बदललं!

दहाव्या अक्षरावरून साल सांगणारा १७ अक्षरी चॅसिस नंबर अमेरिकेत १९८१पासूनचा. तो नियम विंटेज गाड्यांना लावू नका.