बायफोल एचएक्स 200 फिल्म : आकसण्याच्या मोजणीतून पारख
कोव्हेस्ट्रो कंपनीची बायफोल एचएक्स 200 ही होलोग्राम टिपण्याची फोटोपॉलिमर (प्रकाश पडल्यावर रेणू जोडले जाणाऱ्या पदार्थाची) फिल्म घेणाऱ्याने होलोग्रामच्या चमकेआधी तिचे आकसणे तपासावे, असे माझे ठाम मत आहे. लेसरचा प्रकाश पडताच मोनोमरचे सुटे रेणू एकमेकांशी बांधले जातात, त्यांच्यातील अंतर घटते. थर काचेला चिकटलेला असल्याने लांबी-रुंदीत तो हलू शकत नाही आणि सारे आकसणे जाडीत उतरते.

ओली प्रक्रिया करावी लागत नाही, हा या फिल्मचा सर्वांत मोठा गुण आहे. सिल्व्हर हॅलाइड किंवा डायक्रोमेटेड जिलेटिन या होलोग्राम टिपण्याच्या इतर पदार्थांचा थर पाण्यात फुगतो व वाळताना आकसतो, त्यामुळे कोणता फरक पदार्थाचा आणि कोणता हाताळणीचा, हे ओळखणे कठीण जाते. येथे टिपल्यानंतर अतिनील व दृश्य प्रकाशात थर स्थिर केला की पुरते.

मोजणी मात्र कसोटी पाहते. थर सुमारे 16 मायक्रॉनचाच असल्याने तिरप्या रेषांच्या पारगामी ग्रेटिंगचे (थरात टिपलेल्या, आरपार जाणारा प्रकाश वळवणाऱ्या बारीक समांतर रेषांच्या जाळीचे) ब्रॅग शिखर, म्हणजे सर्वाधिक प्रकाश वळवला जातो तो कोनांचा पट्टा, काही अंश रुंद असते, तर 1 टक्का आकसण्याने ते अंशाच्या एखाद-दोन दशांशांनीच सरकते. म्हणून पूर्ण वक्र मोजून त्याचा मध्य काढावा लागतो. मी प्रत्येक तुकड्यावर शेजारी सरळ रेषांची ग्रेटिंगही टिपतो. तिच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात असल्याने जाडी घटली किंवा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वाकवतो याचे माप) बदलला, तरी तिचा ब्रॅग कोन जागचा हलत नाही. तो हललेला दिसला, तर काच फिरत्या मंचावर नीट बसलेली नाही. ही खबरदारी न घेतल्याने सुरुवातीची आठवडाभराची मोजमापे मला टाकून द्यावी लागली.

परावर्ती होलोग्राममध्ये काम सोपे वाटते. 633 नॅनोमीटरच्या लेसरने टिपलेला होलोग्राम 1 टक्का आकसला, तर परावर्तित रंग सुमारे 6 नॅनोमीटरने निळ्याकडे सरकतो आणि स्पेक्ट्रोमीटरवर ते लगेच दिसते. पण बहुलकीकरणात, म्हणजे रेणू बांधले जाताना, अपवर्तनांक वाढून रंग उलट तांबड्याकडे ओढला जातो, त्यामुळे केवळ रंगावरून काढलेले आकसणे कमी भरते. वेगवेगळ्या तिरप्या कोनांच्या ग्रेटिंग मोजल्याशिवाय हे दोन परिणाम वेगळे होत नाहीत.

माझ्याकडील एकाच गुंडाळीच्या तुकड्यांची मोजमापे एकमेकांशी जुळली, आणि भिंग किंवा आरशासारखे काम करणारा होलोग्राम बनवणाऱ्याला हेच हवे असते, कारण आकसणे ठरलेले असले की टिपतानाच किरणांचे कोन तेवढे बदलून घेता येतात.