मका पिकवणाऱ्या दाजींसाठी मेकर्स मार्क

व्हिस्कीची आवड असलेल्या माणसाला काय भेट द्यावी, असं कुणी विचारलं की मी सरळ मेकर्स मार्क या अमेरिकन बर्बन व्हिस्कीचं नाव सांगतो. आमचे दाजी सिल्लोडकडचे, मक्याचे शेतकरी. त्यांच्या पन्नाशीला छत्रपती संभाजीनगरातून ही बाटली नेली, ती मक्यामुळेच. बर्बन म्हणायचं तर धान्यात निदान ५१ टक्के मका पाहिजे, असा अमेरिकेचा कायदाच आहे. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुतेकदा उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. हे ऐकल्यावर दाजी म्हणाले, "म्हणजे ही आपल्या शेतातली म्हणायची की!"

बाटलीच्या मानेवर लाल मेण असतं. केंटकीतल्या लोरेटो गावात एकेक बाटली हातानं मेणात बुडवतात, त्यामुळे दोन बाटल्यांचे ओघळ सारखे नसतात. चाकू लावू नका. मेणात एक पट्टी असते, तिचं टोक धरून ओढली की झाकण मोकळं होतं.

आता चवीचं. बहुतेक बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला राय हे धान्य असतं आणि त्याचा ठसका लागतो. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी लाल गहू आहे. म्हणून ४५ टक्के दारू असूनही ती घशाला बोचत नाही. पहिल्या घोटाला व्हॅनिला, मग काहिलीतल्या गुळासारखा खरपूस गोडवा. हा गोडवा आणि तो तांबूस रंग, दोन्ही आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातून येतात. बर्बनमध्ये वरून रंग घालायला बंदी आहे. दाजींना ग्लास भरून सोडा लागतो. त्या दिवशी मी नुसतं चमचाभर पाणी घालून दिलं, आणि पुढचा पेगही त्यांनी तसाच मागितला. पुढे हुरड्याला शेतावर तीच बाटली निघाली. लसणाच्या चटणीपुढे तिचं काही चालत नाही, भाजलेल्या शेंगा मात्र झकास जमतात.

सोबत काही द्यायचं असेल तर बर्फाऐवजी ग्लासात टाकून व्हिस्की थंड करायचे दगड घेऊ नका. बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी दगडाला जमत नाही. त्यापेक्षा ग्लेनकेर्न ग्लासची जोडी द्या. बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असल्यानं वास नाकापर्यंत नीट पोचतो. दाजींना बाटलीइतकेच ते ग्लास आवडले.

किंमत झोंबते, आयात मालाचं ते दुखणं आहेच. बजेट कमी असेल तर जिम बीम घ्या; तीही खरी बर्बन, फक्त तिच्यात गव्हाऐवजी राय असतं आणि दारू ४० टक्के. आणि आपल्या राज्यात दारू बाळगायला, प्यायला परवाना लागतो, वयही २५ पूर्ण पाहिजे. भेट देण्याआधी तेवढं बघून घ्या.