‘मामाच्या खात्यावर पाठवा’ : ग्रुपवर मदत गोळा करत असाल तर हे वाचा

आमचा दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा चादरी, बिस्किटं, सॅनिटरी पॅड असा टेम्पो भरून पाठवला आणि तेव्हापासून दर महिन्याला ज्याला जमेल तेवढं काढायचं ठरलं. पैसे आले की वाद आलाच. कोणी म्हणणार पोरांच्या फिया भरा, कोणी म्हणणार गोशाळेला द्या, एकीचं म्हणणं भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला कोणी रुपया देत नाही, आणि एक जण दरवेळी ‘मग सरकार काय करतंय?’ एवढं टाकून झोपायला जाणार.

या भांडणातच तो माणूस शिरला. कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीचा म्हणून ॲड झाला, सुरुवातीला मागितलं काहीच नाही, उलट स्वतः ५०० टाकले आणि स्क्रीनशॉटही टाकला. एकदा एका संस्थेला द्यायचं चाललं होतं तर हाच म्हणतो, आधी ८०जी (देणगीवर करसवलत मिळते ते प्रमाणपत्र) आहे का बघा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का विचारा, डोळे झाकून देऊ नका. झालं, सगळ्यांना वाटलं माणूस पक्का आहे.

गणपतीच्या आधी त्याची केस आली. ६ वर्षांचा मुलगा, हृदयाला छिद्र, पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, साडेचार लाखांचं एस्टिमेट, उद्या सकाळपर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर ऑपरेशनची तारीख जाणार. एकाने विचारलं, अरे हे तर महात्मा फुले योजनेत होतं ना? तर म्हणे कागद अडकलेत, वेळ नाही. आणि लगेच वादाला काडी लावली, ‘कुत्र्यांना देता, पोराला देताना योजना आठवते?’ त्यावर जी जुंपली ती जुंपली, पोरगं की कुत्री, आणि त्या तावातावात निम्म्या लोकांनी लाजेखातर पैसे टाकले, मी २००० टाकले, हॉस्पिटलला फोन मात्र कोणी केला नाही. त्याला तेच हवं होतं.

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्यातरी ट्रेडर्सचं. विचारलं तर बापाचं खातं कर्जामुळे ब्लॉक आहे, हे मामाच्या दुकानाचं. एस्टिमेटचा कागद नंतर झूम करून बघितला तर पेशंटचं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये, शिक्का एकदम सरळ छापल्यासारखा, हॉस्पिटलचा नंबर म्हणून साधा मोबाईल नंबर आणि पेशंटचा रजिस्ट्रेशन नंबर कुठेच नाही.

एका मैत्रिणीची वहिनी पुण्यात नर्स आहे, तिने त्या हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारलं, असा पेशंटच नाही. फोटो गूगल लेन्सवर टाकला तर परराज्यातल्या एका पोराच्या जुन्या आवाहनातला निघाला. तोपर्यंत साहेब ग्रुपमधून लेफ्ट, फोन बंद.

ज्यांनी त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) दिले त्यांचे थोडे पैसे बँकेने होल्ड केले. आम्ही बाकीचे दुसऱ्या दिवशी दुपारी जागे झालो, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेलेले. तेव्हा असं काही झालं तर पोलीस स्टेशनला जायचं की नाही यावर ग्रुपवर चर्चा करत बसू नका, आधी १९३० लावा.

आता आमच्याकडे पेशंटची केस आली की पैसे फक्त हॉस्पिटलच्या खात्यावर, पेशंटचा नंबर लिहून. आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलना १० टक्के खाटा निर्धन पेशंटना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, हे निम्म्या नातेवाईकांना माहीतच नसतं, त्यामुळे समाजसेवा विभागातल्या माणसाशी बोललं की बरेचदा वर्गणीची गरजच अर्धी होते. असं सांगितल्यावर जो चिडतो त्याच्यापासून लांब राहा.

परवा नाशिकच्या चुलत बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो आला, हिरवा पडदा, नाकात नळी, फक्त या वेळी किडनी आहे आणि पोराचं नाव बदललंय. तुमच्याकडे आला तर पोराला नावं ठेवू नका, ते कुणाचं तरी खरंच आजारी पोर होतं, नंबर तेवढा रिपोर्ट करा.