बोल्स-गिंटिस घ्यावं का विलिस?

भाचा संभाजीनगरला समाजशास्त्रात एम.ए. करायलाय. परवा फोन आला, मामा, डिझर्टेशनला शिक्षणाकडं मार्क्सवादी नजरेनं, म्हणजे मालक-कामगार वर्गाच्या अंगानं, बघायचंय, बोल्स-गिंटिस घेऊ का विलिस?

मी म्हटलं, समजायला बोल्स-गिंटिस सोपे. अमेरिकेतले दोघं अर्थतज्ज्ञ, 1976 चं म्हणणं, शाळा म्हणजे नोकरीची रंगीत तालीम. वरच्याचं ऐकायचं, आवड असो नसो मार्कांसाठी राबायचं, पुढं तसंच पगारासाठी. लातूरला क्लासला पळणारी पोरं बघितली की पटतंच. पण यात पोरगं म्हणजे नुसता मातीचा गोळा, उलटून बोलतच नाही.

पॉल विलिस हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, त्यानं 1977 ला इंग्लंडमधल्या कामगारांच्या 12 पोरांवर लिहिलं. मास्तरला जुमानत नाहीत, अभ्यासू पोरांची टर उडवतात, अंगमेहनत म्हणजे मर्दानगी, आन् त्याच बंडापायी शेवटी बापासारखी कारखान्यात. आमच्या वर्गात मागच्या बेंचवर असाच एक होता, "शिकून कोण मोठं झालं" म्हणायचा, आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. फक्त यात पोरी जवळपास नाहीतच.

बीडच्या ऊसतोड्याच्या लेकराला दोन्ही अपुरे. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड फडावर, लेकरू वर्गातच नाही तर शिस्त कोणाला लावणार आन् बंड कुठं करणार?

मेहनतीचं म्हणशील तर पहिल्याला प्रश्नावली, हजेरी, मार्क एवढ्यावर भागतं. विलिसला महिनोन्‌महिने पोरांत बसावं लागतं.

ज्याला टाइम कमी, आकडेवारी जमते, त्यानं बोल्स-गिंटिस घ्यावं. तू तसाही दिवसभर टपरीवरच असतोस, विलिस घे.