खराडीचा फ्लॅट, न्यू जर्सीतली मी : मॅनेजमेंट सेवेचा चौदा महिन्यांचा अनुभव

आधी पार्श्वभूमी. पुण्यात खराडीला आमचा टू बीएचके आहे, ४० लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ३४,७००च्या आसपास. भाडं येतं ३२,०००. म्हणजे भाड्यातून हप्ता फिटतो हे बिल्डरच्या ऑफिसात ऐकलेलं वाक्य पहिल्या महिन्यातच निकालात निघालं, वर सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. पहिली दोन वर्षं सगळं दादाने बघितलं. तो राहतो कोथरूडला. कोथरूडकराला खराडी म्हणजे नदीपलीकडचा परदेशच. नळ गळाला की त्याची अर्धी सुट्टी जायची आणि वहिनी फोनवर जरा कोरडं बोलायच्या. म्हणून जून २०२४पासून भाड्याची घरं सांभाळणाऱ्या एका कंपनीला काम दिलं. भाड्याच्या ८ टक्के, जीएसटी धरून महिन्याला तीन हजार.

सुरुवातीलाच त्यांनी कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला. तो वाचायला बसले म्हणून बरं झालं, कारण चौथ्या पानावर विक्रीचे अधिकारही होते! विचारलं तर ‘मॅडम, स्टँडर्ड फॉरमॅट आहे.’ मी तो बाजूला ठेवला आणि फक्त भाडेकरारापुरतं मुखत्यारपत्र दादाच्या नावे केलं. इथे नोटरीसमोर सही, त्यावर राज्याचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी दाखला), आणि कागद पुण्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क. कंपनीकडे फक्त सेवेचा करार. भाडंही त्यांना आधी स्वतःच्या खात्यात हवं होतं. ते मी थेट माझ्या एनआरओ खात्यातच (एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) यायला लावलं. या दोन बाबतींत हट्ट धरलात तर बाकीचं चालवून घेता येतं.

भाडेकरू त्यांनी तीन आठवड्यांत आणला. लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन झाला. माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन दादाच्या घरी आला, चहा पिऊन गेला. आपल्याकडे महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते, हे अजूनही कितीतरी जणांना माहीत नसतं. मुद्रांक नऊशेच्या आसपास, नोंदणी १,०००. बिल मात्र साडेपाच हजारांचं आलं. पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही त्यांनीच भरली, त्याची पावती पाठवली. इथपर्यंत उत्तम.

खरा घोळ टीडीएसचा, म्हणजे भाडं देतानाच कापायच्या आयकराचा. कंपनीचा प्रतिनिधी छातीठोकपणे म्हणाला, ‘पन्नास हजारांच्या आत टीडीएस नसतो.’ नसतो, पण मालक भारतात राहत असेल तर. मालक एनआरआय असेल तर वेगळा नियम लागतो (तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम १९५). तिथे पन्नास हजारांची सूट नाही, पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापायचे, आणि कापायचे भाडेकरूने. त्यासाठी त्याने टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढायचा, दर तिमाहीला कपातीचं विवरणपत्र भरायचं. आमचा भाडेकरू सज्जन मुलगा, पण तोही म्हणाला, ‘ताई, ही कटकट मी का करू?’ त्याचंही चूक नाही. शेवटी त्याच्या फाइलिंगची सीएची फी मी देते, तिमाहीला दीड हजार.

आता हिशोब बघा. ३२,०००मधून ९,९८४ गेले, हातात २२,०१६. कपात सुरू झाली त्या महिन्यात मी एनआरओ खात्यात जादा पैसे टाकायचे विसरले आणि हप्ता बाउन्स झाला. दंड भरला, चूक माझी. वर्षाचे जवळपास एक लाख वीस हजार सरकारकडे अडकतात. आणि गंमत म्हणजे देणं काहीच नसतं, कारण भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट आणि त्यावर कर्जाचं व्याज धरलं की उत्पन्न शून्याखाली जातं. रिटर्न भरून रिफंड घ्यायचा. कमी कपातीचा दाखला आधीच मागता येतो, पण त्यात भाडेकरूचा टॅन लागतो, म्हणजे पुन्हा त्याच्याच दारात. यातलं काहीही कंपनीने आपणहून सांगितलं नाही. माझ्या मते हा या सेवेचा सगळ्यात मोठा दोष. एनआरआय ग्राहकांसाठी वेगळा प्लॅन विकता, तर हे एक पान तरी छापा.

उलट अमेरिकेच्या रिटर्नसाठी त्यांचा खूप उपयोग झाला. भारतात ३० टक्के मिळतात त्याला कुणी पावती विचारत नाही. इथे शेड्यूल ई (रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा फॉर्म) भरताना प्लंबरच्या ७०० रुपयांचंही बिल लागतं. ते सगळं पीडीएफमध्ये तारीखवार मिळालं. फक्त त्यांचं स्टेटमेंट एप्रिल ते मार्च, आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे एक रविवार एक्सेलमध्ये जातोच.

बाथरूमची गळती हाताळली ती पाहून मात्र मी खूश झाले. खालच्यांच्या छताला ओल आली. आमच्याकडे रात्रीचे अकरा, तिकडे सकाळचे साडेआठ, आणि त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारून दाखवतोय, ‘ताई, हा कोपरा बघा, ग्राउट उडालंय.’ खालच्या काकूंशीही तोच बोलला. दोन दिवसांत काम, साडेतीन हजार. दादाला फोनही करावा लागला नाही.

घरपट्टीच्या वेळी मात्र पुन्हा तेच. स्वतः राहणाऱ्याला मिळणाऱ्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरून देऊ का, असं त्यांनी विचारलं. भाड्याने दिलेल्या घराला! मी नाही म्हणाले.

आणि तिमाही पाहणी. डिसेंबरच्या अहवालातले फोटो छान होते. गिझर, गॅलरी, ओटा. ओट्याच्या फोटोत मागे भिंतीवर कालनिर्णय, आणि त्यावर सप्टेंबर. मी फोटो मोठा करून त्यावर लाल गोल काढून परत पाठवला. आधी म्हणाले, भाडेकरूने पान उलटलं नसेल. त्याला विचारलं, तर तीन महिन्यांत कुणी आलंच नव्हतं. त्या तिमाहीची फी परत मिळाली, बऱ्याच मेल्सनंतर.

तरी करार वाढवलाय. महिन्याला तीन हजारांत वहिनींशी पुन्हा नीट गप्पा होतात, ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही. पाहणीसाठी आता फोटो नकोत, व्हिडिओच हवा, अशी अट घातली. परवाच्या व्हिडिओत मुलाने आधी कालनिर्णयवर बोट ठेवलं, मग गिझरकडे वळला.