नववीतल्या मुलीला 'शाळा' द्यावी की 'कोसला'?

दादरच्या मैत्रिणीला लेकीसाठी दोन्हींपैकी एकच कादंबरी घ्यायची आहे.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) आणीबाणीच्या काळातल्या, नववीतल्या मुकुंदाची. शिव्या आहेत, पोरांच्या मुलींबद्दलच्या चोरट्या गप्पाही. पालक तिथेच बिचकतात. मला ते प्रामाणिक वाटतं. मुलं शाळेच्या व्हॅनमध्ये याहून जास्त ऐकतात! भाषा बोलीतली, इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही झेपेल अशी.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) जड आहे ती उदासी. पांडुरंगचं पुण्यातलं कॉलेज, वाया गेलेली वर्षं आणि धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू. तो भाग मोठ्यांनाही हलवून टाकतो.

नववी-दहावीला 'शाळा' द्या, नंतर तिच्याशी मोकळेपणी बोला. 'कोसला' बारावीनंतर, घर सोडून शिकायला निघालेल्यांसाठी.