गुडघेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड: फसवणूक कशी होते आणि कळल्यावर काय करायचं

तालुक्याच्या गावी एखाद्या लॉजवर नाहीतर मंगल कार्यालयात महिन्यातून एकदा ‘वातरोग शिबिर’ भरतं. नाडी बघतात, जुने रिपोर्ट न उघडताच बाजूला सारतात आणि महिन्याभराच्या पुड्यांची पिशवी हातात देतात. वहीच्या कागदात बांधलेलं तपकिरी चूर्ण, वास सुंठीचा. सोबत पथ्य कडक: वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, आंबट, सगळं बंद. पथ्य जितकं कडक तितका लोकांचा विश्वास बसतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बिल मागितलं तर ‘झाडपाल्याला कसलं बिल?’ पुढच्या महिन्यापासून पैसे यूपीआयवर आणि माल कुरियरने.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघा हलका होतो. सकाळी आखडलेली बोटं सुटतात, भूक सपाटून लागते, अंगात हुशारी येते. शेजारणीला निरोप जातो आणि विकणाऱ्याची जाहिरात फुकटात होते.

हा गुण खरा असतो, फसवणूक त्याच्या कारणात असते. अशा पुड्या प्रयोगशाळेत तपासल्या की त्यांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी सूज दाबणारं एखादं स्टेरॉइड सापडतं, बरेचदा जोडीला डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि ते काही दिवसांत चालू लागले. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. लांबल्या वापराचे दुष्परिणाम दिसू लागल्यावर डॉक्टरांनी हात आखडता घेतला. तोच ‘चमत्कार’ आज एक रुपयाच्या आत मिळणाऱ्या गोळ्या कुटून विकला जातो.

प्रमाणाचा हिशेब बघा. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि शरीर स्वतः दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवतं त्याच्याच हे आसपास आहे. अर्ध्या मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या एका पुडीत गेल्या आणि पुड्या दिवसाला दोन, तर झालं २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, रोज, महिनोन्‌महिने. शिवाय मिश्रण खलबत्त्यातलं. एका पुडीत काहीच नाही, दुसरीत दुप्पट, असंही होतं.

दोन-तीन महिन्यांनी चेहरा गोल होतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘तब्येत छान सुधारली!’ सुधारणा नाही, ती सूज आणि चरबी. बाईमाणसाचे हात बघावेत: बांगडी घासली तरी मनगटाच्या वर काळेनिळे डाग पडतात, कारण कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. पोटावर जांभळट चिरा येतात. पाटावरून उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात, आणि त्याचं खापर पुन्हा वातावर फुटतं. खरं तर मांडीचे स्नायू झिजलेले असतात. आधी नसलेली साखर निघते, रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर धरतो, दबलेला क्षय डोकं वर काढतो. जांघेत दुखू लागलं तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलाय का, हे बघायलाच हवं. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये कळतं. स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक एकत्र म्हणजे जठरात व्रण आणि रक्तस्राव, काळी शौच ही त्याची खूण. किडनीचं नुकसान वेगळंच.

सगळ्यात मोठा सापळा पुड्या संपल्यावर दिसतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवण्याचं काम थांबवतात. कुरियरला उशीर झाला की दुखणं दुपटीने उसळतं, उलट्या, गळाठा, उभं राहिल्यावर चक्कर. घरचे म्हणतात, ‘बघा, औषध बंद केलं की त्रास होतो, म्हणजे औषध लागू पडत होतं.’ विकणारा नेमकं हेच ऐकवून पुढच्या महिन्याचे पैसे घेतो.

म्हणून संशय आला तरी त्याच दिवशी पुड्या बंद करू नका. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतल्या असतील, तर अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन एक-दोन दिवसांत एमडी फिजिशियन किंवा हार्मोनतज्ज्ञ गाठा. कधीपासून, दिवसाला किती, मध्ये कधी चुकल्या, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर त्याऐवजी मोजून प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन सुरू करून हळूहळू उतरवतात. ग्रंथी जागी झाली का, हे सकाळी ८ च्या सुमारास, त्या दिवशीचा डोस घेण्याआधी कॉर्टिसॉल तपासून कळतं. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी म्हणजे ग्रंथी झोपलेली. पुडीत प्रेडनिसोलोन असेल तर ही तपासणी खोटा वाढीव आकडा दाखवू शकते, म्हणून पुडीची गोष्ट डॉक्टरांपासून लपवायची नाही. साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम-पोटॅशियम सोबतच करून घ्या. ग्रंथी सावरायला कधी कधी वर्ष लागतं. तोवर ताप, अपघात, ऑपरेशन, अगदी मोतीबिंदूचं असलं तरी, डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना हे आधी सांगायचं. उलट्या थांबेनात, रक्तदाब पडला तर घरी थांबू नका. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं.

आमवाताचं खरं औषध उशिरा गुण देतं, इथेच माणसं निसटतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, आणि फरक पडायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर डॉक्टरही थोडं स्टेरॉइड देतात, पण नाव लिहून, मोजून आणि कधी थांबवायचं ते ठरवून. झिजलेल्या गुडघ्याला तर रोजच्या स्टेरॉइडचं कामच नाही. तिथे मांडीचे व्यायाम आणि वजन उतरवणं हेच मुख्य.

यात वैद्यांना झोडपायचं कारण नाही. नोंदणीकृत वैद्य आपला नोंदणी क्रमांक सांगतो. कारखान्यातून आलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापणं बंधनकारक आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘संधिवात कायमचा गायब’ अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. मधुमेहाच्या पुडीतही हाच खेळ चालतो, फक्त तिथे ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं ॲलोपॅथिक औषध असतं आणि म्हाताऱ्या माणसाची साखर पहाटे कोसळते.

पाण्यात विरघळवून किंवा जाळून घरी काहीही कळत नाही. चार-पाच पुड्या न उघडता प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, कुरियरचं पाकीट, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, आणि महाराष्ट्रात असाल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.